गाळलेली बांगडीवाली

माझ्या अब्बांचं शाहूपुरीत शिलाईचं दुकान आहे. एक खोली, दोन मशिनी आणि गिऱ्हाइकाला बसायला एक लाकडी बाक. बाकाखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा असायचा. कुणी वाट बघत बसलं तर चाळायला म्हणून अब्बांनी तो रद्दीवाल्याकडून आणून ठेवला होता. गिऱ्हाइकं मोबाइल बघायची. अंक मीच वाचायची. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, बाकाखाली हात घालायचा आणि येईल ते ओढून काढायचं, हा माझा रोजचा उद्योग.

एकदा एका गोष्टीचं शेवटचं पानच सापडेना. शोधता शोधता कळलं, अब्बांनी त्या पानाचा कॉलरचा साचा कापला होता. मी भोकाड पसरलं. अब्बा मशीन न थांबवता म्हणाले, "मग शेवट तू सांग की." मी सांगितला. पँट न्यायला आलेले एक काका पँट काखेत मारून तसेच उभे राहिले आणि माझं संपल्यावर एवढंच म्हणाले, "बेस." त्या एका शब्दानं मी बिघडले. मग मी निबंध लिहायला लागले, निबंधांना बक्षिसं मिळायला लागली, आणि अकरावीला जाईपर्यंत मला वाटायला लागलं की मराठीत आपल्यासारखं लिहिणारं कॉलेजात दुसरं कुणी नाही.

त्याच वर्षी आमच्या मराठीच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. बारावीत एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. बोर्डाच्या परीक्षेला तिला रायटर हवी होती. परीक्षेत ती सांगणार आणि रायटरनं लिहायचं. नियमाप्रमाणं रायटर खालच्या वर्गातली पाहिजे. "तुझं अक्षर बरं आहे, आणि वेगही आहे," मॅडम म्हणाल्या. मला त्यातला 'रायटर' हा शब्द फार आवडला. मी लगेच हो म्हटलं.

ती मुरगूडजवळच्या एका खेड्यातली. कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात राहायची. मी तिला ताई म्हणायला लागले. पहिल्या भेटीत तिनं माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "पेन दाबून धरतीस व्हय? बोटाला घट्टा पडलाय. तीन तास दमशील न्हाईतर, सैल धर." आमच्याकडच्या पोरींसारखीच तीही 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायची. मी दुकानात तसंच बोलायची, कॉलेजात मात्र पुस्तकी. तिच्यासमोर दोन दिवसांत माझं पुस्तकी बोलणं गळून पडलं.

परीक्षेआधी महिनाभर आम्ही सराव केला. ती सांगायची, मी लिहायची. ती एकदा बोलायला लागली की वाक्य मनात पूर्ण तयार असायचं. खाडाखोड नाही, 'म्हणजे आपलं' नाही. मला मात्र तिची वाक्यं साधी वाटायची. उघडी वाटायची. तसं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

मराठीच्या पेपराला आम्हाला वेगळी खोली दिली होती. आम्ही दोघी आणि खिडकीशी बसलेले एक पर्यवेक्षक. निबंधाचे विषय मी तिला हळू आवाजात वाचून दाखवले. तिनं निवडला, 'मी पाहिलेली जत्रा'.

मी जरा थांबले. ती हसली. "लिही. मी गेलतो न्हवं जत्रंला? मग पाहिली."

ती सांगायला लागली. बापाच्या खांद्यावर बसून जत्रेत गेल्याचं. आधी चिरमुऱ्यांच्या भट्टीचा वास येतो, मग भज्यांचा, मग माणसांचा, आणि वासावरून आपण कुठवर आलो ते कळतं. पाळण्याचा करकर आवाज वर जाताना एक आणि खाली येताना दुसरा. आणि मग एक बांगडीवाली. ताईचे शब्द मला आजही जवळजवळ जसेच्या तसे पाठ आहेत: 'बांगडीवाल्या मामीने माझा हात दाबून पाहिला आणि न विचारता माप सांगितले. बांगडी चढवताना ती दुसऱ्याच बाईशी बोलत होती. तिचे माझ्या हाताकडे लक्ष नव्हते. त्या दिवशी मला कळले की डोळस माणसेसुद्धा हाताने बघतात.'

मी हे लिहिलं नाही.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला नीट आठवतं. पेपर तपासणाऱ्याला काय आवडतं ते मला ठाऊक आहे, असं वाटत होतं. हिला मार्क कमी पडतील, असंही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या हातात पेन होतं, समोर कोरा कागद होता आणि विषय निबंधाचा होता. मला राहवलं नाही. ती वासांचं सांगत होती आणि मी 'जनसागर लोटला होता' लिहीत होते. ती करकर आवाजाचं सांगत होती आणि मी 'गगनाला भिडणारा पाळणा' लिहीत होते. आणि बांगडीवालीच्या जागी मी लिहिलं, 'रंगीबेरंगी बांगड्यांची आरास पाहून डोळ्यांचे पारणे फिटले.'

शेवटी तिनं विचारलं, "सगळं आलं न्हवं?"

"आलं की," मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर तिनं मला उसाचा रस पाजला. खुशीत होती. "ते बांगडीवालीचं बरं झालं न्हवं गं?" असं तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "लई भारी" म्हटलं आणि अर्धा ग्लास तसाच ठेवला.

पुढचा पेपर दोन दिवसांनी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात जाऊन बाकावर बसले. अंक काढला नाही, हे अब्बांच्या लक्षात आलं. घरात ते दखनीत बोलतात आणि दुकानात मराठीत, पण काही गंभीर बोलायचं असलं की घरातही मराठीतच बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बटण लावत होते. दोऱ्याला गाठ मारून त्यांनी दोरा दातानं तोडला.

"कापड कुणाचं असतंय?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाचं."

"त्याला ढगळ शर्ट पायजे आणि मला तंग आवडतोय म्हणून मी तंग शिवला तर?"

मी बाकाखालचा गठ्ठा पायानं आत सारला.

"तू तर त्याचं कापडच बदललंस," अब्बा म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "जा. आत्ताच जा. तिला दुसऱ्या कुणाकडनं कळायचं न्हाई, पण तुला तर म्हाईत हाय न्हवं."

वसतिगृहाच्या व्हरांड्यात ताई मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या इतिहासाच्या नोट्स कानाला लावून ऐकत बसली होती. माझ्या चपलांचा आवाज तिला ओळखू यायचा. "आज कसं काय? पेपर तर उद्या हाय," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

तिनं नोट्स बंद केल्या. मग म्हणाली, "काय लिवलंस ते म्हण. तुला पाठ असंल."

पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. वर्गात बक्षीस घेताना जे शब्द खणखणीत वाटायचे ते त्या व्हरांड्यात तोंडातून निघेनात. 'डोळ्यांचे पारणे फिटले' इथं आल्यावर तिनं हात वर केला.

"पारणं म्हंजे उपास सोडायचा न्हवं?"

"व्हय."

"माझ्या डोळ्यांचा उपास जन्माचा हाय बाई. तू तो एका वळीत सोडलास."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त मला सांगत होती. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको, मला उगं तुझी समजूत घालाय लागंल." मग म्हणाली, "बांगडीवालीचं मी कुणाला सांगितलं न्हवतं. आईला बी न्हाई. निबंधाचा विषय ऐकला आणि वाटलं, आज सांगावं. ज्यो कोण तपासंल त्याला तरी कळंल. तर तू ते कुणापर्यंत जाऊच दिलं न्हाईस."



रायटर बदलता येत नव्हती. फॉर्मवर माझं नाव लागलेलं होतं. तिनं विचारलं, "उद्या येशील न्हवं?"

"तू म्हणशील तर येतो."

"ये. पण मी सांगंन तेवढंच. मी चुकलो तर चूकच लिवायची."

आणि ती चुकली. इतिहासाच्या पेपरात तिनं एक उत्तर अगदी ठामपणे चुकीचं सांगितलं. मला बरोबर उत्तर येत होतं. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. पर्यवेक्षक बाहेर बघत होते. एक शब्द बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि ह्या वेळी तिचं भलंच झालं असतं. मी तिनं सांगितलं तेच लिहिलं. आजवर मी लिहिलेल्या वाक्यांत सगळ्यात अवघड वाक्य कुठलं असं कुणी विचारलं, तर मी तेच सांगेन. चार शब्दांचं, आणि चुकीचं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नाला तुझं पेन थांबलतं. चुकलं व्हय माझं?"

"व्हय."

"आणि तसंच लिवलंस?"

"तसंच."

तिनं माझा दंड धरला. रस्ता ओलांडायचा नव्हता, तरी धरला. बसस्टॉपपर्यंत आम्ही तशाच चालत गेलो.

निकालात तिला सगळ्यात जास्त मार्क मराठीत पडले. "ह्यातलं निबंधाचं तुझं, घिऊन जा," असं म्हणून ती हसली, आणि मी मात्र कान पकडून उभी राहिले. ते तिला दिसणार नव्हतं म्हणून तिचा हात माझ्या कानाशी नेला. मग तिनं मला शिक्षा दिली: सुट्टीभर तिला पुस्तकं वाचून दाखवायची. ब्रेलमध्ये तिला हवी तेवढी पुस्तकं मिळत नसत, आणि मोबाइलवरचा आवाज तिला आवडत नसे. "त्यो बातम्या दिल्यागत वाचतोय," ती म्हणायची.

आमच्या वाचनालयात बोलायला बंदी होती, म्हणून आम्ही जिन्यावर बसायचो. सकाळी दहाला मी वाचायला सुरुवात करायची ती घसा बसेपर्यंत. तोवर मी पुस्तकं गिळत आले होते. लांबलचक वर्णनं गाळायची, पुढं काय झालं ते बघायला पानं उलटायची. ताईसमोर गाळायची सोय नव्हती. मोठ्यानं वाचताना मला पहिल्यांदा कळलं की लेखकानं एखाद्या ठिकाणी वाक्य का तोडलंय, एकच शब्द दोनदा का ठेवलाय. काही नावाजलेली पानं तोंडात घेतली की पोकळ वाजायची. काही साधी पानं वाचता वाचता माझाच आवाज बदलायचा. ताई गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायची. आवडलं की अंगठ्याच्या नखानं पायरी खरवडायची, आणि मी तो आवाज ऐकायला वाचायची.

वाचनालयातले काका पहिले काही दिवस दारात येऊन "हळू, हळू" म्हणायचे. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, "ते मागलं पान परत वाच. मी पुस्तकांवर नंबर घालत हुतो, तेवढ्यात त्या बाईचं काय झालं?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आतल्या टेबलामागची खुर्ची दाराजवळ आणली.

सुट्टी संपताना मी तिला माझी पहिली गोष्ट वाचून दाखवली. तिनं पायरी खरवडली नाही. संपल्यावर म्हणाली, "तुझ्या गोष्टीत दुकान हाय, पण इस्त्रीचा वास कुठाय? मी दोनदाच आलतो तुमच्या दुकानात. मला त्यो वास अजून येतोय." मी घरी जाऊन गोष्ट पुन्हा लिहिली. तिनं पुन्हा ऐकली. मग पुन्हा लिहिली. सहाव्यांदा वाचताना मधेच तिच्या नखाचा आवाज आला आणि मी ओळ चुकले.

एकदा मी धीर करून विचारलं, "ताई, त्या बांगडीवालीवर मी गोष्ट लिहू?"

"न्हाई," ती म्हणाली. "त्ये माझं हाय."

मी लिहिली नाही. माझं पहिलं पुस्तक गेल्या वर्षी आलं, त्यात बाकी पुष्कळ काही आहे, पण ती बांगडीवाली नाही. इथं हे सांगायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं. मग म्हणाली, "आता सांग. मी सांगितलंय तसंच सांग म्हंजे झालं." वर जी तीन-चार वाक्यं आहेत ती तिला फोनवर वाचून दाखवली आणि तिनं 'तिचे माझ्या हाताकडे लक्ष नव्हते' ह्यातला 'माझ्या' मी विसरले होते तो परत घालायला लावला.

ताई आता मुरगूडजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. पुस्तक आल्यावर तिनं मला शाळेत बोलावलं. "पोरांनी लेखक कधी बघितला न्हाई. त्यांस्नी वाटतंय लेखक फोटोतच असत्यात," ती म्हणाली. मी सकाळच्या एसटीनं गेले. अब्बांनी नवा कुर्ता शिवून दिला होता आणि बाही जरा लांब झाली म्हणून स्टँडवर येईपर्यंत हळहळत होते.

सातवीचा वर्ग. खाली सतरंजीवर पोरं-पोरी बसलेली, मागं एक लोखंडी कपाट, त्यात शाळेची पुस्तकं. कपाटाला कुलूप नव्हतं. ताईनं शाळेत रुजू झाल्या झाल्या ते काढायला लावलं होतं, असं शिपाईमामांनी मला सांगितलं. मी भाषण लिहून नेलं होतं, वाचनाचं महत्त्व वगैरे. पहिल्याच मिनिटाला एका पोरानं जांभई दिली आणि मी ते घडी घालून ठेवून दिलं. मग मी त्यांना ह्या पेपराचीच हकिकत सांगितली. त्यांच्या बाई म्हणजे ती ताई, हे मी सांगितलं नाही, पण अर्ध्यावर आल्यावर सगळी पोरं माझ्याकडं बघायची सोडून ताईकडं बघायला लागली. ती खिडकीला टेकून उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर हात वर झाले. "तुमाला वाचायचा कंटाळा येत न्हाई?" येतो की, मी म्हटलं. मग मी पुस्तक मिटते आणि दुसरं उघडते. "लेखक व्हायला काय शिकाय लागतंय?" ह्याला उत्तर म्हणून मी त्यांना वह्या काढायला सांगितल्या. आज शाळेत येताना वाटेत काय झालं ते लिहा म्हटलं. चांगलं लिहू नका, झालं ते लिहा.

वर्ग एकदम शांत झाला. फक्त पेन्सिलींचा आवाज. ताईनं मान वाकडी करून तो ऐकला.

मग त्यांनी वाचून दाखवलं. एकाच्या म्हशीनं वही चाटली होती आणि पुरावा म्हणून त्यानं पान दाखवलं. एकीच्या सायकलची चेन तीनदा पडली होती आणि तिसऱ्या वेळी तिनं चेनला शिवी दिली. ती तिनं तशीच लिहिली होती आणि वाचताना गाळली. सगळा वर्ग "वाच की, वाच की" म्हणून ओरडायला लागला. ताई म्हणाली, "वाच. लिवलंयस तर वाच." तिनं वाचली. शिवी फार मोठी नव्हती.

मागच्या रांगेत भिंतीजवळ एक बारकीशी मुलगी होती. तिनं हात वर केला नव्हता. मी जवळ जाऊन विचारलं तेव्हा वही छातीशी धरून तिनं हळू आवाजात वाचलं. "आज आईनं मला पहिल्यांदा एकटीला ओढा ओलांडू दिला. ती अलीकडं थांबली. मी मागं बघितलं नाही. ती बघत होती ते मला पाठीला कळत होतं. मग मी पलीकडं गेलो आणि..."

तिथं घंटा झाली. पोरं भराभरा उठली, डब्यांची झाकणं वाजली, सतरंजीची टोकं दुमडली. ती मुलगीही घाईनं दप्तर आवरायला लागली, पण वही आत घालताना थांबली.

"बाई, माझं अजून संपलं न्हाई," ती ताईला म्हणाली.

"मग लिही की," ताई म्हणाली. तिनं भिंतीच्या आधारानं हळूच खाली बसकण मारली आणि शेजारची सतरंजी हातानं थोपटून मलाही बस म्हणून सांगितलं. "आम्ही दोघी हाय हितं. सावकाश लिही."